आधी काय तुटले, आणि मग थांबले का नाही

१५ जून २०२३ रोजी सिद्धेश्वर सहकारी साखर कारखान्याच्या सहवीजनिर्मिती प्रकल्पाची चिमणी पाडली, तेव्हा सोलापुरात दुसरा विषय नव्हता. होटगी रस्त्यावरच्या विमानतळाला ती आड येते की नाही हा वाद न्यायालयात, महापालिकेत आणि रस्त्यावर वर्षानुवर्षे चालला होता. ऊस घालणाऱ्या सभासदांना ती आपल्या घामाची वाटे, विमानाची वाट पाहणाऱ्यांना ती अडचण वाटे. त्या वादात इथे शिरायचे कारण नाही. मला महत्त्वाची वाटते ती वेगळीच गोष्ट. नव्वद मीटरच्या आसपास उंचीचे एक बांधकाम काही सेकंदांत जमिनीवर येताना या शहराने पाहिले, आणि ते कशामुळे पडले याविषयी पाहणाऱ्यांपैकी कोणालाही शंका नव्हती. स्फोटके लावली, परिसर मोकळा केला, पोलीस उभे केले, स्फोट झाला, चिमणी पडली. कारण आणि परिणाम यांच्यात धूसर असे काही उरले नाही.

या पुस्तकात ज्या इमारतींची चर्चा आहे त्यांच्या बाबतीत असे नाही. त्या पडताना लाखो लोकांनी पाहिल्या, शेकडो कॅमेऱ्यांनी टिपल्या, त्यांच्यावर हजारो पानांचे अहवाल निघाले. तरीही पडण्याच्या आधीच्या घटकेला आत नेमके काय झाले, यावर नामांकित अभियंत्यांचेही एकमत नाही. न्यूयॉर्कचे जागतिक व्यापार केंद्र हे यातले सर्वांत मोठे प्रकरण. ११ सप्टेंबर २००१ रोजी उत्तरेचा मनोरा सकाळी ८ वाजून ४६ मिनिटांनी विमानाने छेदला आणि १०२ मिनिटे उभा राहिला. दक्षिणेच्या मनोऱ्याला धडक उशिरा बसली, तरी तो आधी, ५६ मिनिटांत पडला. आणि ज्या सातव्या इमारतीला विमान लागलेच नाही ती ४७ मजल्यांची इमारत संध्याकाळी ५ वाजून २० मिनिटांनी खाली आली.

वाचकाने सुरुवातीलाच दोन प्रश्न वेगळे ठेवावेत, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. पहिला, आधी काय तुटले? दुसरा, जे तुटले त्यावर भागले का नाही, पडझड थांबली का नाही? लोकांच्या वादात हे दोन्ही प्रश्न एकात एक मिसळतात आणि मग कोणी कोणाला उत्तर देत आहे हेच कळेनासे होते. अभियंत्यांमधले खरे मतभेद बहुतेक पहिल्या प्रश्नावर आहेत.

त्याआधी पोलादाविषयी. पोलाद वितळायला सुमारे १५०० अंश सेल्सिअस लागतात आणि कार्यालयातल्या आगीत ते होत नाही, हे म्हणणे अगदी खरे आहे. पण पोलाद वितळले म्हणून इमारत पडली, असे कोणताही जबाबदार अभियंता म्हणत नाही. आपल्याकडे पोलादी बांधकामासाठी जी भारतीय मानक संहिता आहे, आयएस ८००, तिच्या २००७च्या आवृत्तीत आगीचा स्वतंत्र विभाग आहे. त्यात तापमानागणिक पोलादाची ताकद किती उरते याचे साधे सूत्र दिले आहे. ९०५मधून तापमान वजा करा आणि ६९०ने भागा. २१५ अंशांपर्यंत ताकद पूर्ण धरायची, ६०० अंशांना ती ४४ टक्क्यांवर येते, ७०० अंशांना ३० टक्क्यांच्या खाली. संकल्पनेत धरलेली सुरक्षिततेची सारी शिल्लक तिथे संपलेली असते. म्हणजे वितळण्याच्या निम्म्या तापमानालाही न पोचता खांब हरतो.

दुसरी गोष्ट प्रसरणाची, आणि ती मला ताकद घटण्यापेक्षाही महत्त्वाची वाटते. दहा मीटर लांबीची पोलादी तुळई ६०० अंशांना तापली तर साधारण सात सेंटिमीटर लांबते. दोन्ही टोकांना जागा नसेल तर ती खांबाला रेटते, नाहीतर स्वतः वाकते. पुढे तिची ताकद गेली की खाली झोळ येतो आणि रेटणारी तुळई आता ओढू लागते. तीच तुळई, तेच बोल्ट, आणि अर्ध्या तासाच्या आत बलाची दिशा उलटी. या उलटण्यातूनच एकमेकांना छेद देणारी स्पष्टीकरणे जन्माला आली आहेत.

जुळ्या मनोऱ्यांची रचना त्या काळी धाडसी होती. प्रत्येक मनोऱ्याची बाजू ६३ मीटरच्या आसपास, बाहेरच्या भिंतीत एकेका बाजूला ५९ खांब, मध्यभागी लिफ्ट आणि जिने असलेल्या गाभ्यात ४७ खांब. या दोहोंच्या मधे एकही खांब नाही. गाभ्यापासून बाहेरच्या भिंतीपर्यंत हलक्या पोलादी कैच्या टाकून त्यांवर काँक्रीटचा पातळ थर दिलेला, काही ठिकाणी कैचीचा गाळा १८ मीटरचा. आपल्याकडे गोदामाच्या पत्र्याखाली जी ट्रस असते तिचीच ही सडपातळ, आडवी बहीण. तिच्यावर आगीपासून संरक्षण देणारा फवाऱ्याने मारलेला मऊ लेप होता, आणि तो विमानाच्या धडकेने बऱ्याच ठिकाणी झडून गेला. विमानातले इंधन काही मिनिटांतच जळून संपले. पुढे जळत राहिले ते कागद, फर्निचर, गालिचे.

पहिले स्पष्टीकरण २००२च्या मे महिन्यात अमेरिकेच्या आपत्ती व्यवस्थापन यंत्रणेच्या अहवालात पुढे आले. कैचीची टोके खांबांना जिथे जोडलेली होती ती जोडणी आधी सुटली, एक मजला खालच्यावर पडला, तो त्याच्या खालच्यावर, आणि मजल्यांचा आडवा आधार गेल्यामुळे उंच उघडे पडलेले खांब वाकले. हे चित्र समजायला इतके सोपे होते की दूरचित्रवाणीने ते उचलून धरले. आजही आपल्याकडच्या अनेक लेखांत तेच सापडते.

२००५मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक आणि तंत्रज्ञान संस्थेचा, म्हणजे निस्टचा, अंतिम अहवाल आला आणि त्याने हे चित्र बदलले. पडझड सुरू होण्यापूर्वीची छायाचित्रे तपासली तेव्हा उत्तर मनोऱ्याची दक्षिणेची भिंत आत वाकलेली दिसली, एके ठिकाणी जवळजवळ १४० सेंटिमीटर. दोन काठ्यांना दोरी ताणून तिच्यावर ओल्या सोलापुरी चादरी टाकल्या की मधे झोळ येतो आणि काठ्या आत झुकतात, तसे. झोळ आलेल्या कैच्यांनी बाहेरचे खांब आत ओढले, ते मोडले, आणि वरचा सगळा भाग खाली आला.

इथे वाचकाने क्षणभर थांबावे. पहिल्या स्पष्टीकरणात जोडणी कमकुवत असावी लागते, कारण ती सुटली तरच मजला पडतो. दुसऱ्यात तीच जोडणी मजबूत असावी लागते, कारण ती टिकली तरच भिंत आत ओढली जाते. एकाच बोल्टकडून दोन अहवालांची मागणी परस्परविरुद्ध आहे. वाकलेली भिंत छायाचित्रांत दिसते म्हणून मला दुसरे पटते. तरी पहिले मांडणाऱ्यांना उतावळे म्हणणे अन्यायाचे होईल; त्यांच्या हातात तेव्हा एवढे पुरावे नव्हते.

एडिंबरा विद्यापीठातल्या असिफ उस्मानी, होसे तोरेरो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३मध्ये तिसरी बाजू मांडली. त्यांचे म्हणणे असे की अनेक मजले एकाच वेळी तापले तर प्रसरणामुळे मजल्यांचा आकारच इतका बदलतो की खांबांचा आडवा आधार जातो. त्यासाठी विमानाने केलेल्या नुकसानाचीही फारशी गरज नाही. उलट निस्टच्या मते लेप शाबूत राहिला असता तर मनोरे बहुधा उभे राहिले असते. मनोऱ्यांच्या भाडेपट्टेदाराच्या विम्याच्या तंट्यात वायडलिंगर असोसिएट्स या अभियांत्रिकी संस्थेने चौथेच सांगितले: मजल्यांचा दोष नाही, धडकेने आणि आगीने खांबच खचले. हा निव्वळ शब्दांचा खेळ नाही. एडिंबराचे खरे असेल तर जगात लांब गाळ्यांच्या ज्या इमारती आहेत त्या प्रत्येकीत बहुमजली आगीचा धोका नव्याने मोजला पाहिजे. निस्टचे खरे असेल तर लेप किती घट्ट चिकटतो, ही पाहणी सर्वांत आधी केली पाहिजे. चौथे खरे असेल तर पैसा खांबांवर खर्च करावा.

दुसऱ्या प्रश्नाला, थांबले का नाही याला, सर्वांत आधी हात घातला तो नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या झ्डेनेक बाझांत यांनी. हल्ल्यानंतर दोनच दिवसांनी त्यांनी आणि योंग झोऊ यांनी निबंध छापायला पाठवला. गणित थोडक्यात असे: वरचा भाग एक मजला जरी मोकळा पडला तरी त्यातून सुटणारी ऊर्जा खालच्या मजल्याचे खांब वाकताना पचवू शकतील त्याच्या आठपटीहून जास्त होती. दक्षिण मनोऱ्यात धडकेच्या जागेच्या वर पंचवीसहून अधिक मजले होते, म्हणून तो आधी पडला यात गूढ नाही. टीकाकार म्हणतात की खांबावर खांब नेमका आदळला हे गृहीतच खोटे आहे, माथा तर तिरका झाला होता. बाझांत यांचे उत्तर मला पटते. नेमका आदळला असता तर तगण्याची शक्यता सर्वांत जास्त होती, आणि त्या सर्वांत अनुकूल अवस्थेतही गणित जुळत नाही.

सातव्या इमारतीचे प्रकरण मात्र इतके सरळ नाही, आणि या पुस्तकाने त्याला सर्वांत जास्त पाने दिली ते योग्यच झाले. उत्तर मनोऱ्याचे जळते अवशेष तिच्यावर पडले, आग लागली, शहराच्या मुख्य जलवाहिन्या फुटल्याने खालच्या मजल्यांच्या स्प्रिंकलरना पाणी मिळाले नाही, आणि आग सुमारे सात तास धुमसत राहिली. निस्टचा अहवाल २००८च्या नोव्हेंबरात आला. त्यांच्या मते तेराव्या मजल्यावरच्या लांब तुळया प्रसरण पावल्या, त्यांनी एका गर्डरला त्याच्या बैठकीवरून ढकलून दिले, तो पडला, मजले पाचव्या मजल्यापर्यंत एकावर एक कोसळले, ७९ क्रमांकाचा खांब आधाराविना राहिला आणि वाकला. मग पूर्वेकडून पश्चिमेकडे आतला सांगाडा गेला आणि शेवटी बाहेरचे कवच.

यात एक बैठक आणि काही इंच एवढ्यावर सगळी भिस्त आहे. बैठकीची रुंदी निस्टने आधी ११ इंच धरली होती. नकाशे पुन्हा पाहिल्यावर २०१२मध्ये ती १२ इंच असल्याचे मान्य केले, आणि निष्कर्ष तरीही टिकतो असे सांगितले. गर्डरच्या टोकाला ताठरपणा देणाऱ्या पट्ट्या प्रतिकृतीत घेतल्याच नाहीत, हा आक्षेपही आहे. त्याआधी, मसुद्यावर खुली चर्चा चालू असताना, डेव्हिड चँडलर नावाच्या भौतिकशास्त्राच्या शिक्षकाने चित्रफीत मोजून दाखवले की बाहेरचे कवच काही काळ चक्क मुक्तपतनाच्या वेगाने खाली येते. अंतिम अहवालात निस्टने ते स्वीकारले: सव्वादोन सेकंद, आठ मजल्यांची उंची. एका शिक्षकाने मोजले आणि राष्ट्रीय संस्थेने आकडा बदलला, याचे श्रेय दोघांनाही द्यायला हवे.

याच सव्वादोन सेकंदांवर स्फोटकांचे मत उभे आहे. अलास्का विद्यापीठाच्या लेरॉय हल्सी यांनी २०२०मध्ये अहवाल दिला की आगीने हे झाले नाही, सगळे खांब जवळजवळ एकाच वेळी निकामी झाले असले पाहिजेत. त्यांच्या अभ्यासाला निधी देणारी संघटना आधीपासूनच स्फोटाचे मत मांडणारी होती. एवढ्यावरून अभ्यास खोटा ठरत नाही, पण वाचकाला ते माहीत असावे. माझे मत स्पष्ट सांगतो. मुक्तपतन एवढेच सांगते की त्या दोन सेकंदांत खालून अडवणारे काही उरले नव्हते. ते कोणी किंवा कशाने नाहीसे केले, हे त्यात लिहिलेले नाही. आतला सांगाडा आधीच गेला असेल आणि बाहेरचे खांब आठ मजले लांबीत एकदम वाकले असतील, तरी कवच तसेच पडेल.

आता सोलापूरकराने चिमणी आठवावी. नियंत्रित स्फोटासाठी बांधकामाच्या बुंध्याशी भोके पाडावी लागतात, तारा जोडाव्या लागतात, लोकांना दूर ठेवावे लागते. आणि चिमणी म्हणजे एक पोकळ नळी. ४७ मजली पोलादी सांगाड्यात त्याआधी खांबांवरचे आवरण फोडावे लागते, काही ठिकाणी पोलाद आधीच कापून ठेवावे लागते, आणि हे सारे शेकडो माणसे रोज कामाला येत असताना. निस्टच्या हिशेबाप्रमाणे ७९ क्रमांकाचा खांब तोडण्याइतका स्फोट अर्ध्या मैलावरही १३० ते १४० डेसिबलचा आवाज करील. अशा आवाजाची नोंद कोणत्याही चित्रफितीत नाही. स्फोटाचे मत मांडणाऱ्यांनी या तयारीचा हिशेब द्यायला हवा, आणि तो मला आजवर समाधानकारक मिळालेला नाही. मात्र निस्टने आपल्या संगणकीय प्रतिकृतीची काही माहिती सार्वजनिक सुरक्षेचे कारण देऊन रोखून धरली, हे मला अजिबात मान्य नाही. इतक्या लोकांच्या मृत्यूशी जोडलेल्या चौकशीत गणित झाकून ठेवले की संशयाला खतपाणी मिळते, आणि प्रामाणिक शंका विचारणाऱ्याला तुम्ही स्वतःच दुसऱ्या गोटात ढकलता.

आगीने पोलादी उंच इमारत कधीच पडली नव्हती, हा युक्तिवाद २००१ साली करता येत होता. फिलाडेल्फियात १९९१ साली ३८ मजल्यांची वन मेरिडियन प्लाझा १८ तासांहून अधिक जळली. कोसळण्याच्या भीतीने अग्निशमन दलाला मागे घेतले, पण ती पडली नाही. तिसाव्या मजल्यावरच्या स्प्रिंकलरनी आग अडवली. माद्रिदची विंडसर ही इमारत २००५च्या फेब्रुवारीत जळली तेव्हा वरच्या मजल्यांचे बाहेरचे पोलादी खांब कोसळले, काँक्रीटचा गाभा उभा राहिला, आणि ज्या खालच्या मजल्यांवर पोलादाला संरक्षक आवरण नुकतेच दिले होते ते टिकले. एकाच इमारतीत आवरण असलेले आणि नसलेले मजले शेजारीशेजारी, असा प्रयोग कोणी मुद्दाम करू शकला नसता. आपल्याकडे २१ जून २०१२ रोजी मंत्रालयाचे वरचे मजले जळाले तेव्हा सांगाडा टिकला, तो काँक्रीटचा होता.

मग १९ जानेवारी २०१७ आली. तेहरानची प्लास्को ही १७ मजल्यांची पोलादी इमारत सुमारे साडेतीन तास जळून थेट प्रक्षेपण चालू असताना कोसळली. अग्निशमन दलाचे १६ जवान आत गेले ते परत आले नाहीत. तिच्यात कपडे शिवणारे छोटे कारखाने होते, मजल्यामजल्यावर कापडाचे गठ्ठे. गणवेश शिवणाऱ्या आणि टॉवेल विणणाऱ्या सोलापूरने हे प्रकरण दोनदा वाचावे.

कारण आपल्याकडे गगनचुंबी पोलादी इमारती नसल्या तरी पोलाद आणि कापूस एकाच छपराखाली आहेत. १८ मे २०२५च्या पहाटे अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्याला लागलेल्या आगीत आठ जणांचा जीव गेला. तिथे प्रश्न इमारत कोसळण्याचा नव्हता, माणसे आत अडकण्याचा होता, आणि ते दुःख या पुस्तकाच्या सिद्धांतात कोंबू नये. पण ती आग विझवताना जे आत शिरले त्यांच्या डोक्यावर काय होते, हे विचारण्याचा हक्क आपल्याला आहे. उघडी पोलादी तुळई जोरदार आगीत पंधरा-वीस मिनिटांत ५०० अंशांच्या पुढे जाते. शेडच्या पातळ कैच्या आणि पर्लिन त्याहूनही लवकर. पाण्याचा बंब पोचून होज जोडेपर्यंतच तेवढा वेळ गेलेला असतो. आगीत फुगून जाड थर धरणारा रंग बाजारात मिळतो, व्हर्मिक्युलाइटचा गिलावा करता येतो. यंत्रमागाच्या किती शेडमध्ये त्यातले काही आहे, हे कारखानदारांनी आपले छप्पर पाहून स्वतःलाच सांगावे. महाराष्ट्रात आग प्रतिबंधाचा २००६चा कायदा आहे. त्याचा भर सुटकेच्या वाटा, पाणी आणि यंत्रणा यांवर राहिला, आणि सांगाडा किती वेळ तग धरील हा प्रश्न बहुतेक वेळा कागदावरसुद्धा येत नाही.

शेवटी पुराव्याविषयी. व्यापार केंद्राचे पोलाद तातडीने भंगारात काढले गेले. २००२च्या सुरुवातीला त्यातले काही जहाजाने चेन्नईला आले आणि इथल्या भट्ट्यांत वितळले. निस्टकडे तपासाला उरले ते २३६ तुकडे, आणि त्यांत सातव्या इमारतीचा म्हणून निश्चित ओळखता येईल असा एकही नव्हता. त्याआधीच्या चौकशीत तिचा एक तुकडा अभ्यासला गेला होता, गंधकाच्या रासायनिक हल्ल्याने कडा झिजून पातळ झालेला. तो तसा का झाला याचा पुढे तपास करावा, अशी शिफारस झाली होती. ७९ क्रमांकाचा खांब आणि ती बैठक हाती असती तर ११ इंच की १२ यावर वर्षानुवर्षे भांडावे लागले नसते. म्हणून आपल्याकडे पुढे कुठे शेड कोसळली, पूल पडला, होर्डिंग आडवे झाले, तर जेसीबी लावण्याआधी तुळयांची टोके, बोल्ट, वेल्डिंगचे सांधे आणि खांबांचे तळ क्रमांक टाकून बाजूला ठेवावेत, त्यांची जागा नकाशावर लिहावी. त्याला एक दिवस आणि चार माणसे पुरतात. पुरावा असा कसा जपून ठेवायचा हे पुस्तकाच्या शेवटच्या प्रकरणात आकृत्यांसह सांगितले आहे. महापालिकेच्या अभियंत्यांनी आणि अग्निशमन दलाच्या अधिकाऱ्यांनी वाटल्यास तेच प्रकरण आधी वाचावे.